लंगडं फूल

"शालनबाई, त्याला हात नका लावू, परवाच्या लिलावातला मुख्य नग आहे तो," राजाध्यक्ष साहेब म्हणाले. तोवर माझा हात लागून चुकला होता.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. फोर्टातल्या एका लिलाववाल्या कंपनीत जुने गालिचे दुरुस्त करायच्या कामावर होते. विरलेल्या कडा बांधायच्या, उंदरांनी खाल्लेल्या जागी जुन्या लोकरीच्या गाठी भरायच्या, आणि भरलेलं कुणाला कळू द्यायचं नाही, असं ते काम. राजाध्यक्ष साहेब आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस सज्जन, बोलणं मऊ, पण नियमाला पक्का. त्या इमारतीत मला 'शालनबाई' म्हणणारा तो एकटाच, बाकीच्यांना मी 'ती दुरुस्तीवाली'.

गालिचा त्याच सकाळी आला होता आणि मोठ्या हॉलात जमिनीवर पसरला होता. सगळी जमीन किरमिजी, तिच्यावर ओळीनं पांढरी फुलं, प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या. मी डाव्या काठापासून तिसरी ओळ धरली, वरून पाचव्या फुलावर बोट टेकवलं आणि पाकळ्या मोजल्या. सात भरल्या. परत मोजल्या, परत सातच.

"हा कुठनं आला?" मी विचारलं.

"विजापूरकडचा आहे. आदिलशाहीतला. असे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कॅटलॉगात 'एका खानदानी घराण्याच्या संग्रहातून' असं दिलंय."

"कुठलं घराणं?"

"विकणाऱ्याचं नाव आपण सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"घराणं कसलं डोंबलाचं," मी म्हणाले. "हा आमच्या सातवेढ्याच्या दर्ग्यातला गालिचा आहे. हे लंगडं फूल आहे, साहेब. ह्याच्यावर हात ठेवून अख्खा गाव शपथा घेतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "बसा. नीट सांगा."

सातवेढं म्हणजे मिरजेपासून एस.टी.नं दीड तास. गावाबाहेर पीराचा दर्गा. तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदारानं नवस फेडायला हा गालिचा वाहिला म्हणतात. वर्षभर तो पेटीत गुंडाळलेला असायचा, उरुसाचे तीन दिवस तेवढा बाहेरच्या मंडपात पसरायचा. विणणाऱ्याच्या हातून एका फुलाची पाकळी राहून गेलेली, म्हणून ते लंगडं फूल. बांध कोरला, बैल पळवला, बायकोवर आळ घेतला, असली वर्षभराची भांडणं उरुसापर्यंत राखून ठेवायची आणि मग दोघांनी त्या फुलावर हात ठेवून बोलायचं. हिंदू असो नाहीतर मुसलमान, तिथं खोटं बोललेला माणूस मी ऐकला नाही. कोर्टात गीतेवर हात ठेवून धडधडीत खोटं बोललेले बहाद्दर तिथं चळाचळा कापायचे. माझ्या आज्यानं तर म्हणे तिथं हात ठेवला आणि कुणी न विचारलेल्या आणखी दोन गोष्टी कबूल करून आला.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला तुमचं खरं वाटतं. पण माझ्या वाटण्यावर लिलाव थांबत नाही. दर्ग्याच्या ट्रस्टनं सही-शिक्क्यानं लिहून द्यावं, की हा आमचा आहे आणि आमच्या संमतीशिवाय गेलाय. हातोडा पडायच्या आधी ते पत्र हातात आलं, तर मी नग मागे घेतो, शब्द देतो. लिलाव गुरुवारी तीन वाजता. त्यानंतर मात्र घेणारा कोण आणि तो कुठं गेला, हे तुम्हालाच काय, मलाही विचारता येणार नाही."

त्या दिवशी मंगळवार होता. मी दुरुस्तीच्या खोलीत जाऊन पिशवी भरायला लागले. सुई-दोरा, कात्री, गाठी उसवायची आकडी, सगळं उगाच कोंबत होते. अंगाची नुसती आग होत होती, कारण तो गालिचा दर्ग्यातून बाहेर एकदाच पडला होता, आणि आला होता तो आमच्याच घरी.

माझे वडील रंगनाथ भंडारे, त्यांना आम्ही आबा म्हणतो. जातीनं कोष्टी, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणायचे, पण आबांनी तरुणपणी कुठून तरी गालिच्याचं काम उचललं आणि त्यात पंचक्रोशीत नाव कमावलं. दर्ग्याचे मुजावर दस्तगीरचाचा त्यांचे बालमित्र, ट्रस्टचे अध्यक्षही तेच. चार वर्षांपूर्वी चाचांनी गालिचा आबांकडे धुवायला आणि कडा बांधायला दिला. आबा मला म्हणाले, "एका म्युझियमला ह्याची हुबेहूब नक्कल पायजे. परत द्यायच्या आधी विणून घेऊ." दीड वर्ष मी आणि दोन बाया मागावर बसलो, मधला एक उरूस गालिच्याविनाच गेला. आबा समोर नक्शा धरून गाठी पुकारायचे, "दोन पांढऱ्या, तीन किरमिजी," की आम्ही तेच उलटून म्हणायचं आणि गाठी मारायच्या. पुकारा आणि उलट पुकारा जुळला की चूक होत नाही, असा तो रिवाज.

लंगड्या फुलापाशी आल्यावर आबा म्हणाले, "हितं चुकीसकट विणायचं. पाकळीच्या जागी किरमिजीच." आणि पुकारले, "सहा किरमिजी." मी तोंडानं म्हणाले, "सहा किरमिजी," आणि हातानं मारल्या पांढऱ्या. माझ्या हाताखालनं दीड वर्षात पहिला मोठा गालिचा उतरत होता, आणि त्यात मुद्दाम चूक विणायला हात वळेना. म्युझियमवाल्यांना काय कळतंय, असं मनाशी म्हटलं आणि अख्खी पाकळी तशी रेटली. आबांची नजर तोवर अधू झाली होती, आणि त्यांचा भरवसा कानांवर.

नक्कल उतरल्यावर आबांनी ती चहाच्या पाण्यात बुडवली, उन्हात टाकली, महिनाभर अंगणात पसरून तिच्यावरनं माणसं-शेरडं चालवली. म्हणाले, म्युझियमला जुनं दिसलेलं लागतं. पुढं कुणीतरी पाहुणा आला, त्यानं वाखाणणी केली, तेव्हा आबा माझ्यादेखत म्हणाले, "पोरगी बसती गाठी मारायला, विणलं मी." त्यावरून आमचं असं कडाडून वाजलं की मी ट्रंक उचलून मुंबई गाठली. अडीच वर्षं ना पत्र, ना गावचं तोंड. त्यामुळं कुठला गालिचा दर्ग्यात गेला आणि कुठला कुठं, ह्याचा मला पत्ताच नव्हता. आता लागला.

रात्रीची गाडी धरून बुधवारी सकाळी सातवेढ्याच्या फाट्यावर उतरले, तर तिथं रिक्षा उभ्या. आमच्या फाट्यावर कधी कुत्रं उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं. दर्ग्याच्या वाटेला दोन्ही अंगाला दुकानं, नारळ, चादरी, उदबत्त्या. पुढं रांग. आणि रांगेत कोण, तर कुबड्या घेतलेली माणसं, पाटीत बसवून आणलेल्या म्हाताऱ्या, पायाला पट्ट्या बांधलेली पोरं.

"कसली गर्दी ही?" मी फुलवालीला विचारलं.

"नवीन दिसतीस," ती म्हणाली. "पीरबाबांनी लंगडं फूल बरं केलंया की. तीनशे वर्सं लंगडं हुतं, एका रातीत पाकळी फुटली. फुलाचा पाय बरा केला, तर माणसाचा करणार न्हाईत व्हय?"

मी रांगेत घुसून, लोकांच्या शिव्या खाऊन मंडपात गेले. गालिचा आता बारा महिने पसरलेला होता, भोवती पितळी कठडा, आणि फुलावर हार. हार बाजूला सारला. डाव्या काठापासून तिसरी ओळ, वरून पाचवं फूल, आठवी पाकळी. माझी गाठ मला कळते, कडेला जरा करकचून बसते. पोलिओनं पाय लुळा पडलेल्या चार-पाच वर्षांच्या एका पोराचा तळवा धरून त्याची आई त्या पाकळीवर घासत होती आणि रडत होती.

तिथनं मी सरळ घर गाठलं. आबा ओसरीवर बसून लोकरीची गुंडी करत होते. आत चार माग दिसत होते, मी गेले तेव्हा एकच होता.

"आलीस," आबा म्हणाले. "चहा टाक, मलाबी घे."

"आबा, खरा गालिचा मुंबईत आहे. उद्या त्याचा लिलाव आहे. मी हातानं चाचपून आले."

त्यांनी गुंडी खाली ठेवली नाही. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आठ का विणल्यास?"

"काय?"

"मी सहा किरमिजी पुकारल्या हुत्या. तू 'सहा किरमिजी' म्हणालीस. माझं डोळं अधू हायती, कान न्हाईत. तोंडानं एक आन् हातानं एक. उरुसाला दस्तूनं मला बोलावून फूल दावलं, तवा पाचावर धारण बसली माझी. म्हटलं, मेलो. तर ह्यो गडी ढसाढसा रडाय लागला. 'रंगा, बाबांनी बरं केलं रं.' मी काय बोलणार त्यावर?"

"खरं बोलायचं होतं."

"तू बोलली हुतीस का खरं?"

ते वर्मी बसलं, म्हणून जास्तच संताप आला. "माझ्या पाकळीनं कुणाचा गालिचा चोरला नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही बालमित्राच्या डोळ्यात धूळ फेकलीत. देवाच्या दारची वस्तू विकलीत. आणि ती नक्कल माझ्याकडून विणून घेतलीत, दीड वर्ष माझे हात चोरीच्या कामाला लावलेत. लाज नाही वाटली?"

"लाज?" आबा आता चिडले. "त्या पेटीत उंदरांनी घरटं केलं हुतं, ठावं हाय? उरुसाला तेल सांडायचं, मलिद्याची ताटं ठेवायचे त्याच्यावर, पोरं मुतायची. धा वर्सांत चिंध्या झाल्या असत्या. असली वीण आता कोण करणार हाय? जितं किंमत कळती तितं धाडला. जगंल तर."

"आणि पैसे?"

"पैशे घेतलं. फुकट द्यायला मी काय राजा हाय का?"

"म्हणजे गालिचा जगवला म्हणून पैसे घेतले. वा."

"तुझं त्वांड लई सुटलंय," आबा म्हणाले आणि गुंडी करायला लागले. उलट्या काळजाचा माणूस, असं मी मनात म्हणाले. तोंडानंही म्हणाले असेन.

दस्तगीरचाचा दुपारी नमाजानंतर भेटले. दर्ग्यामागच्या त्यांच्या खोलीत मी त्यांना सगळं सांगितलं, पाकळीसकट. चाचांनी मला मध्ये कुठं तोडलं नाही.

"झूट," ते शेवटी म्हणाले. "रंगा असं करणार न्हाई."

"त्यांनी माझ्यासमोर कबूल केलंय. तुम्ही फक्त ट्रस्टच्या कागदावर लिहून द्या, मी उद्या दुपारच्या आत पोचवते."

"आन् ह्या लोकास्नी काय सांगू? भाईर बघितलंस न्हवं? फुलाचं काय सांगू?"

"माझ्या हातानं झालंय म्हणून सांगा. कोष्ट्याच्या एका आगाऊ पोरीनं विणलं म्हणा."

"तुज्याकडनं बाबांनीच करून घेतलं आसंल," चाचा हळूच म्हणाले.

कपाळ बडवून घ्यावं असं झालं मला. "चाचा, दोन वर्षं झाली, ह्या गावात शपथ होते का?"

चाचांनी मान हलवली. मग म्हणाले, "न्हाई. फूल बरं झालं, शपथ घ्यायची कशावर? लोक म्हणत्यात, आता बाबा राजी झालं, शपथ माफ. परवा गणपा शिंद्यानं सख्ख्या भावाचा बांध कोरला. इचारलं तर तोंडावर न्हाई म्हणाला. आदी नसता म्हणाला."

"मग?"

चाचा उठले. पेटीतून ट्रस्टचा कोरा कागद आणि शिक्का काढला, दोन्ही सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. "मी येतो मुंबईला. रंगालाबी घिऊन चल. ते तितलं फूल खरं लंगडं आसंल, तर रंगानं त्याच्यावर हात ठिवावा आन् मला सांगावं. हात ठिवून त्यो खोटं बोलणार न्हाई. तितंच सही करतो."

मला वाटलं, जिंकले. आबा यायला नाही म्हणतील ह्याची तेवढी धास्ती होती. पण आबा म्हणाले, "यितो की. मला कसलं भ्या?" आणि नवं धोतर काढून नेसायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गाडीत दोघं म्हातारे समोरासमोर बसले होते. चाचांनी घरनं आणलेली भाकरी मोडून अर्धी आबांना दिली, आबांनी ती खाल्ली. लहानपणी विहिरीत पोहायला शिकल्याच्या गोष्टी निघाल्या, दोघं हसले. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि ते हसणं मला सहन होत नव्हतं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता आम्ही हॉलात पोचलो. खुर्च्या मांडून झाल्या होत्या, अत्तर मारलेली माणसं हातात कॅटलॉग घेऊन फिरत होती. राजाध्यक्ष साहेबांनी दोरी सोडून आम्हा तिघांना गालिच्यापाशी नेलं. "मला फक्त पत्र हवंय," ते चाचांना म्हणाले. "बाकी मी बघतो."

चाचांनी चपला काढल्या. गालिच्यापाशी गुडघे टेकले आणि कुणी दाखवायच्या आत त्यांचा हात डाव्या काठापासून तिसऱ्या ओळीत, वरून पाचव्या फुलावर गेला. पन्नास वर्षं उरुसाला हा गालिचा त्यांनीच पसरला होता. त्यांनी डोळे मिटून सात पाकळ्या चाचपल्या, आठवीच्या जागेवर बोट थांबवलं आणि तसेच राहिले. त्यांना कळलं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघणाऱ्या कुणालाही समजलं असतं.

"रंगा," ते म्हणाले, "ये. ठिव हात. आन् सांग."

आबा जागचे हलले नाहीत. हात पाठीमागं बांधून उभे राहिले आणि अगदी सावकाश म्हणाले, "कशावर ठिवू, दस्तू?"

"लंगड्या फुलावर."

"लंगडं फूल तर बाबांनी बरं केलंया. सातवेढ्यात हाय ते, आठ पाकळ्यांचं. तूच दावलंस मला, रडत रडत. सारी दुनिया पाया पडाय यिती त्याच्या. मग हे हितं कुठलं फूल काढलंस तू?"

चाचांनी मान वर केली.

"हे खरं आसंल," आबा म्हणाले, "तर ते खोटं. ते खरं आसंल, तर हे आपल्या गावचं न्हवं. दोन्ही कशी खरी आसतील? आता तूच ठरव. तू म्हणशील त्यावर मी हात ठिवतो."

मी चाचांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चाचा, ऐकू नका. तुम्हाला कळलंय. कागद काढा."

चाचांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशावरच राहिला. "त्या लुळ्या पायाच्या पोराची आई सा म्हैने झालं यिती," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. "दर आठवड्याला. पायी यिती."

"चाचा."

ते उठले. गुडघे झटकले, चपला घातल्या आणि राजाध्यक्ष साहेबांना म्हणाले, "ह्यो आमचा न्हवं. आमचा दर्ग्यात हाय."

हे म्हणताना त्यांचा हात फुलावर नव्हता. मी नीट बघितलं होतं. मी माझा तळवा त्या फुलावर दाबला आणि ओरडून सांगितलं की हा गालिचा सातवेढ्याचा आहे, माझ्या बापानं विकलाय आणि हे दोघं खोटं बोलताहेत. अत्तरवाली माणसं वळून बघायला लागली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शालनबाई, ट्रस्टनंच नाही म्हटल्यावर माझे हात बांधलेले आहेत," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरंच पडला होता. त्यांचा राग करावा असंही काही नव्हतं, म्हणून तोही मी बाकीच्या दोघांवर काढला.

तीन वाजता लिलाव सुरू झाला. आकडा मी सांगणार नाही, सांगितला तर तुम्ही त्याचाच विचार करत बसाल. हातोडा पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोन हमालांनी गालिचा गुंडाळला. आबा आणि चाचा मागच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसले होते. बाहेर पडताना आबांनी चाचांना धरून पायऱ्या उतरवल्या. मैत्री अभंग राहिली हो, त्यात काही बाधा आली नाही.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली आणि पुढच्या गुरुवारी सातवेढ्याला गेले. रांगेत उभी राहिले, ह्या खेपेला कुणाला ढकललं नाही. नंबर आला तसा कठड्याच्या आत बसले, हार बाजूला केला आणि कमरेची आकडी काढली.

गाठ उसवताना आवाज होत नाही. मागच्या बायांना वाटलं, बाई नवस बोलतेय, म्हणून दहा-पंधरा गाठी निघेपर्यंत कुणी काही म्हटलं नाही. पाकळीत पासष्ट गाठी होत्या. चाळिसाव्या गाठीला कुणीतरी बघितलं आणि गलका झाला. "फूल उसवतीया, धरा तिला." एकानं झिंज्या धरल्या, एकीनं पाठीत कुबडी घातली. मी आकडी सोडली नाही. विणताना एकेक गाठ माझ्या हातानं घातली होती, ती काढायला मला बघावं लागत नव्हतं. पासष्टावी निघाली आणि पाकळीच्या जागी नुसते उघडे दोरे राहिले.

तोवर चाचा धावत आले. त्यांनी एक शब्द काढला असता तर लोकांनी मला तिथंच तुडवली असती. मला तेव्हा कशाचंच भय नव्हतं, इतकी मी पेटले होते. मी तळवा फुलावर ठेवला. "लंगडं फूल आहे हे," मी म्हणाले. "पाकळ्या मोजा. हा गालिचा मी विणला, चार वर्षांपूर्वी, आमच्या घरातल्या मागावर. आठवी पाकळी मी घातली, माझ्या मस्तीत घातली, बाबांनी नाही. खरा गालिचा माझ्या बापानं विकला. गेल्या गुरुवारी तो दुसऱ्यांदा विकला गेला आणि चाचा तिथं उभे होते. मी खोटं बोलत असेन तर मला काय व्हायचं ते आत्ता होऊ दे."

गर्दीतले उगारलेले हात खाली आले. सातवेढ्याची जुनी माणसं होती त्यात, त्यांना ती भाषा कळत होती.

"चाचा," मी म्हणाले, "फूल परत लंगडं झालंय. ठेवा हात."

चाचांनी रांगेकडे बघितलं. ती पोराची आई तिथंच होती, पोर कडेवर. त्या बाईकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग कठड्याला धरून खाली बसले, उघड्या दोऱ्यांवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "पोरगी खरं बोलती. मुंबईत मी खोटं बोललो." त्या बाईनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती निघून गेली. तिची पाठ मला अजून दिसते, आणि माझा राग असला काय नि नसला काय, तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

ह्याला आता चौतीस वर्षं झाली. खरा गालिचा कुणाच्या बंगल्यात आहे, कुणाला ठाऊक नाही. रिक्षा गेल्या, दुकानं गेली, फाट्यावर परत कुत्रं नाही. चाचांनी ट्रस्ट सोडला, पण मरेपर्यंत उरुसाला गालिचा तेच पसरायचे. त्या वर्षीच्या उरुसाला गणपा शिंद्याला फुलापाशी आणलं. त्यानं हात ठेवला, बांध कोरल्याचं कबूल केलं आणि न विचारता आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याच्या बायकोला आवडली नाही. शपथ तेव्हापासून परत सुरू आहे. गालिचा नक्कल आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी तिथं हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही.

आबा त्यानंतर दर्ग्याच्या वाटेला कधी फिरकले नाहीत. मी घरात चौथ्या मागावर बसायची, ते पुकारायचे, मी उलटून म्हणायची, आणि जे म्हणायची तेच विणायची. त्यापलीकडं आमचं बोलणं नव्हतं. नव्या ट्रस्टची माणसं दर उरुसाला यायची. "ताई, ते उघडे दोरे बरे दिसत न्हाईत. किरमिजी गाठी भरा, तुम्हाला अर्ध्या दिवसाचं काम." मी आबांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "आबा ज्या दिवशी त्या फुलावर हात ठेवतील, त्या दिवशी भरीन."

आबा जाऊन अकरा वर्षं झाली. दोरे अजून उघडेच आहेत.